पाचच्या आत रफू

सुनेने आठ महिने खपून भिंतभर लोकरीचा पट विणला आणि त्यात मुद्दाम अकरा भोकं ठेवली. तिच्या पहिल्याच प्रदर्शनाचं उद्घाटन संध्याकाळी पाचला होतं. चारच्या सुमारास ती फोन घ्यायला बाहेर गेली आणि परत हॉलमध्ये येऊन पाहते तर काय, लवकर पोचलेल्या सासूबाई स्टुलावर बसून, चष्मा नाकावर ओढून, सगळ्यात खालचं भोक रफू करत होत्या.

"आई, हे काय करताय?"

"चारचौघांत फाटकं लटकवलंयस. पिशवीत उरलेली लोकर दिसली, म्हटलं माणसं यायच्या आत एक तरी बुजवावं."

उसवायला म्हणून सुनेने कात्री घेतली आणि वाकून पाहिलं, तर आपली वीण कुठे संपली आणि रफू कुठून सुरू झालं, हे तिचं तिलाच सापडेना. गेली नऊ वर्षं तिच्या कामाला 'दोऱ्यांचा पसारा' म्हणणाऱ्या सासूबाईंनी आज पहिल्यांदाच त्याला हात लावला होता. तिने कात्री ठेवून दिली आणि भिंतीवरच्या पाटीवर स्वतःच्या नावाखाली त्यांचंही नाव लिहिलं.

सासूबाईंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मग सुनेचा हात हातात घेऊन त्या हळूच म्हणाल्या,



"माझं नाव खोड गं. बाकीची दहा भोकं मीच ठेवली असं वाटेल लोकांना."