पेटीला पाय

"बूट घालून?" आजोबांनी विचारलं.

आर्याने होकारार्थी मान हलवली. बूट खास ऑर्गनचे होते, पातळ तळव्यांचे. ते ती रस्त्यावर कधीच घालत नसे. चर्चच्या ऑर्गनला हातांसाठी पट्ट्या असतात, तशा खाली पायांसाठीही लाकडी पट्ट्या असतात आणि त्या पायांनीच वाजवायच्या असतात, हे गेल्या दोन वर्षांत तिने निदान वीस वेळा सांगितलं होतं.

"वाद्याला पाय लावायचा, तोही बुटाचा," आजोबा म्हणाले. "मला नाही बघवणार."

डॉक्टर पद्माकर तसे कर्मठ वगैरे अजिबात नव्हते. लीड्समध्ये पस्तीस वर्षं लोकांची हाडं जोडली, दर ख्रिसमसला टर्की कापली. देवपूजा आजी गेल्यावर जी सुटली ती सुटलीच. हट्ट काय तो एवढाच. आर्याचे आईबाबा दिवसभर हॉस्पिटलात, त्यामुळे ती वाढली आजोबांच्या मांडीवर, त्यांच्या पेटीसमोर. तिच्या बोटांत सूर आला तो त्यांच्याकडून. शनिवारी एडिनबराच्या संगीत विद्यालयात प्रवेशाची ऑडिशन होती, आणि आजोबांनी तिला ऑर्गनवर एकदाही ऐकलं नव्हतं.

त्याचा परिणाम थेट पायांवर झाला होता. "हात सुरेख आहेत," शिकवणाऱ्या मिसेस डॉसन म्हणायच्या. "पाय मात्र माफी मागत फिरतात. असं वाजवलंस तर ते तुला घेणार नाहीत." आर्याला कारण पक्कं ठाऊक होतं. पट्टीवर पाय ठेवला की तिला आजोबांचा चेहरा दिसायचा.

"आजोबा, उद्या माझी लास्ट प्रॅक्टिस आहे," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं येऊन बसा. बघू नका हवं तर, पाठ करून बसा. मला तुम्ही पाहिजे तिथे."

ते चर्चमध्ये आले. कोट न काढता शेवटच्या बाकावर बसले आणि पाठ वगैरे न करता सरळ बघत राहिले.

निदान बूट तरी नकोत, म्हणून आर्या नुसत्या मोज्यांवर वाजवायला बसली. मोजे लाकडावरून घसरत होते. दुसऱ्या पानावर डावा पाय चुकला, मग उजवा. ती थांबली. दोन वर्षं ज्या एका गोष्टीसाठी जिवाचं रान केलं, ती अशी हातची गेली. तिला रडू आवरेना.

काठी टेकत आजोबा जवळ आले. तिच्या पिशवीतून बूट काढून त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवले.

"घाल. आणि पाय नीट रोवून वाजव. असं बिचकत बिचकत काय वाजवतेस?"

"पण तुम्हाला ते पाप वाटतं ना?"

"माझे वडील नाटक कंपनीत पायपेटी वाजवायचे. दोन्ही पायांनी भाता चालवायचा आणि हातांनी पट्ट्या. माझं सगळं लहानपण त्यांच्या पायांशी बसून गेलं. पाप कसलं त्यात?"

आर्या त्यांच्याकडे बघतच राहिली. "मग इतके दिवस का नाही म्हणत होता?"

आजोबा सावकाश तिच्या शेजारी टेकले.

"तू एडिनबराला गेलीस की मला घर खायला उठेल," ते म्हणाले. "पण मी इकडे यायला निघालो, तेव्हा माझे बाबा एका शब्दानं थांब म्हणाले नव्हते. मग तुला जाऊ नकोस असं मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"