खालचा गाळा

शहरातल्या किडनी निकामी झालेल्या सगळ्या पेशंटची एकत्र नोंद ठेवणारी सिस्टिम ऋषीच्या कंपनीनं बनवली होती. कुठल्या भागात डायलिसिस सेंटर हवं, ते नकाशावर लाल रंगात दाखवायची कल्पना मात्र खास ऋषीची. नकाशा उघडला, तर सगळ्यात लाल निघालं त्याचंच कर्वेनगर. यात खूश होण्यासारखं काही नव्हतं, तरी तो खुशीतच घरी आला.

लिफ्टपाशी तिसऱ्या मजल्यावरचे नागोरावकाका भेटले. विश्रांतवाडीला डायलिसिस करून, हाताला पट्टी बांधून, बस बदलत आले होते.

"काका, तुमची ही वणवण आता संपणार," ऋषी म्हणाला. "आपल्या भागात सेंटर हवंच, हे डेटानं सिद्ध झालंय. आणि आपल्या सोसायटीचा खालचा गाळा रिकामाच आहे की."

"अरे, तो गाळा डायलिसिस सेंटरसाठीच मागितला होता, मागे. पेशंटच्या गाड्यांनी आपलं पार्किंग अडेल, हे सोसायटीच्या सभेत तूच पटवून दिलंस. स्लाइड दाखवून."

ऋषीला ती स्लाइड आठवली. तिच्यातही नकाशा होता, आणि त्याची स्वतःची पार्किंगची जागा लाल रंगात होती.

"सॉरी, काका."

काकांनी लिफ्टचं दार ओढलं. "तू कशाला वाईट वाटून घेतोस? सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या होत्या. तेव्हा माझ्या किडन्या चांगल्या होत्या ना."