राखलेली जागा

शिकागोतल्या काळ्यांच्या वस्तीत रस्त्याकडेचा बर्फ उपसून गाडीपुरती जागा मोकळी करायची, तिथं खुर्ची मांडायची. मग ती जागा आपली. वर्निताबाईंनी गेलेल्या नवऱ्याची खुर्ची मांडली होती. सकाळी खिडकीतून पाहतात तर कानटोपी ओढलेला कुणीतरी ती उचलतोय. त्यांनी पोलिसांना फोन लावला. ‘हत्यार आहे’ म्हटल्याशिवाय पोलीस इकडे फिरकत नाहीत, म्हणून तेही ठोकून दिलं. खाली पोचल्या तेव्हा शेजारणीचा जावई रॉनेल पोलिसांच्या दोन पिस्तुलांसमोर बर्फात गुडघे टेकून होता. बाजूला फावडं. रात्री पडलेला बर्फ वर्निताबाईंसाठी काढायला त्यानं खुर्ची हलवली होती. झडती घेऊन पोलीस गेले. तो उठला. “हत्यार म्हणे. कुणा गोऱ्यानंच फोन केला असणार, मावशी.” त्यानं खुर्ची जागेवर मांडली. “बसा. किती घाबरलात.” “असणार मेले गोरेच,” म्हणत वर्निताबाई मान खाली घालून बसल्या.