फितुराचा जिल्हा

"तुम्ही कुठले?" किल्ला बघायला होडीत चढणाऱ्या प्रत्येकाला भिकाजी तांडेल आधी विचारायचा. बेटावरचा किल्ला फितुरीने पडला, हे तो सांगायचाच. पण फितूर नेहमी होडीत नसलेल्या जिल्ह्याचा निघायचा.

आज होडीत सगळ्याच जिल्ह्यांची माणसं होती. भिकाजीने किल्ल्यातल्या दीपगृहाकडे बोट केलं. "शत्रूला वाट दाखवली ती ह्यानं!"

"पण ते तर इंग्रजांनी नंतर बांधलं ना?" एका बाईंनी विचारलं.

"फितुराची बाजू घेता?" एक फेटेवाले दादा खवळले. "पाडा ते दीपगृह!" सगळ्या होडीने घोषणा दिल्या.

परतताना अंधारलं आणि होडीचा तळ खडकाला घासला. "अरे, त्या दिव्याकडे बघून हाक ना!" दादा किंचाळले.

भिकाजीने वल्हं उचलून मांडीवर ठेवलं. "फितुराच्या भरवशावर, दादा?"