कुंडीतली माती

रिकामी बाटली काउंटरवर ठेवत तिने विचारलं, “हा स्प्रे झाडांना चालतो ना? सायकल धुतलेलं पाणी आमच्या कुंड्यांत जातं.”

“बिनधास्त वापरा, काकू.” दुकानदार बाटली भरू लागला. “पण दहा दिवसांत दुसऱ्यांदा आलात. मुलगा सायकल फारच दामटतो वाटतं!”

तिने हसून पैसे पुढे केले.

घरी आल्यावर तिने बाटली नवऱ्याच्या हातात दिली. हल्ली सगळंच विसरणारा नवरा चाकं पुसता पुसता करवादला, “कुठे कुठे उंडारून येतो कार्टा! येऊ दे घरी, कानच उपटतो.”

“उपटा हो.”

मुलगा गेल्याला वर्ष झालं होतं. दुपारी नवऱ्याचा डोळा लागल्यावर तिने कुंडीतली मूठभर ओली माती घेतली आणि लखलखत्या चाकांना नीट फासून ठेवली.