ओलं फडकं

थंडीनं मरू नयेत म्हणून कुशाबाईनं मिरचीची रोपं चुलीशेजारी फुटक्या माठात वाढवली होती, रोज पातळ शेणकाला पाजून. आज कालव्याच्या पाण्याची पाळी त्यांची. रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून ती नवऱ्यामागं मळ्यात पोचली, तर दिरानं, गेणबानं, पाट फोडून पाणी स्वतःच्या वाफ्यात वळवलेलं. नवऱ्यानं खोरं उचललं आणि भावाच्या डोक्यात घातलं. गेणबा पाटातच उताणा पडला आणि पाणी लाल झालं. "बघतीस काय? पाणी चालू हाय, लाव रोपं!" नवरा ओरडला. कुशाबाईनं फडकं झटकलं. इतके दिवस जपलेली रोपं उन्हात विखुरली. तेच फडकं तिनं दिराच्या डोक्याला करकचून बांधलं. "रोपं करपत्याल, भवाने!" नवऱ्यानं खोरं पुन्हा उगारलं. तिनं वर न बघताच त्याला पाटातलं लाल पाणी दाखवलं. "पाणी पायजे हुतं न्हवं? ह्ये घ्या. वंजळ भरून प्या."