वहीतला पुसट ढग

मुलांनो, कल्पना करा, थंडीतली संध्याकाळ आहे आणि जुईशेजारी तुम्हीही गच्चीवर उभे आहात. जुईच्या आजोबांनी तीस हिवाळे, स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून, एक कोवळा तारा आणि त्याला बिलगलेला ढगासारखा पुसट तेजोमेघ वहीत रेखाटला होता. दोन वर्षांपूर्वी तो ढग दिसेनासा झाला. आपलीच नजर गेली, असं समजून त्यांनी वही मिटली.

आज जुईच्या हट्टाखातर दुर्बीण पुन्हा बाहेर आली होती.

“किंचित बाजूला बघ, म्हणजे पुसट गोष्टी उमटतात. दिसला?” आजोबांनी विचारलं.

हो म्हटलं असतं, तर आजोबा हरखले असते. जुईने पुन्हा पाहिलं.

“तारा आहे. शेजारी दोन बारीक ठिपके आहेत. पण ढग नाहीये हो, आजोबा.”

आजोबा स्टुलावर बसलेच. “ते ठिपके तर ढग हरवला तेव्हाही मला दिसत होते! म्हणजे डोळे ठीक होते गं. ढगच मंदावलाय. तो ताऱ्याच्याच उजेडाने चमकतो; तारा उजळला की तोही उजळेल. आणि मी वेडा घरात बसलो!”

जुईने वही उघडली, शेवटच्या नोंदीखाली आजची तारीख घातली, ‘दिसला नाही’ असं लिहिलं आणि आजोबांना हाताला धरून दुर्बिणीपाशी आणलं.